बिनगेरूची तुरटी

भट्टीतून पहिली फडकी काठीवर उचलली आणि मला वाटलं, कापडावर कुणीतरी शिंतोडे उडवलेत.

"नरहर, इकडे ये," मी मुलाला हाक मारली. "या कापडांजवळ हात कुणी झटकले?"

नरहर मागच्या अंगणात दोऱ्या बांधत होता. तो आला, वाकून बघितलं, बोटाने कापड ताणलं आणि म्हणाला, "जिजी, हे शिंतोडे नाहीत. छापलंय."

"असा छापा माझ्या घरात नाही."

"नसेल. पण छापलंय."

मी दुसरी फडकी उचलली. तिसरी उचलली. सगळ्यांवर तेच. किनारीच्या खाली, जिथे कोरं असायला हवं तिथे, एका ओळीत चार लाल कडी. लहानशा लिंबाएवढं एकेक. पुरतं मिटलेलं नाही, एका बाजूने उघडं. रेघ बारीक, पण रंग असा चढलेला की माझ्या किनारीचा लालही त्यापुढे फिका.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही भावसार, कापड छापणारे. सातपुड्यातल्या पावरा बायका डोक्यावरून जी फडकी घेतात ती आमच्या घरात छापली जायची. होळीच्या आधी डोंगराकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो, तिथे ती विकायची. त्या बाजारावर आमचं वर्ष. फडकीत दोनच रंग, काळा आणि लाल. काळा लोखंडाच्या पाण्याचा, छापला की लगेच दिसतो. लाल तसा नाही. छापताना तो लाल नसतोच, ती तुरटी असते. डिंकात कालवलेली तुरटी कापडावर पाण्यासारखी, दिसत नाही. म्हणून तीत चिमूट गेरू घालायचा, हात कुठवर आला ते कळायला. मग नदीवर कापड धुतलं की गेरू निघून जातो, तुरटी राहते. आणि भट्टीत, म्हणजे उकळत्या रंगाच्या हंड्यात, जिथे तुरटी बसलीय तिथेच लाल उगवतो. म्हणजे कुणी गेरू न घालता नुसती तुरटी लावली, तर भट्टीत कापड जाईपर्यंत ब्रह्मदेवालाही पत्ता लागणार नाही.

गेरू विसरणं ही शिकाऊ माणसाची चूक. पण विसरलेल्या हाताने किनार चुकली असती. इथे किनार जागेवर होती आणि जास्तीचं काहीतरी उगवलं होतं.

घरात छापणारे हात दोघांचे. काळा नरहर छापायचा, लाल त्याची बायको.

"सुंद्रा," मी हाक मारली.

सुंद्रा आतून आली. पदराला हात पुसत, सावकाश. दोन महिन्यांत ती सगळंच सावकाश करायला लागली होती. माझ्या सख्ख्या भावाची लेक. बारा स्थळं बाजूला सारून मीच तिला सून करून आणली होती, कारण तिच्या हातात ठसा सरळ पडायचा.

"हे काय?"

तिने फडकीकडे बघितलं. "रंग चांगला चढलाय."

"मी रंगाचं विचारत नाही."

"किती फडक्यांवर केलंस हे?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे या भट्टीच्या?"

"बाजाराच्या सगळ्या, आत्या."

मी माजघरात गेले. न उकळलेल्या फडक्यांचे ढीग होते, किनारीवर गेरूची तांबूस छटा, बाकी कोऱ्या. एक उजेडात धरली. काही नाही. जीभ लावली, पण छापण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं कापड, ते सगळीकडेच तुरट लागतं. चाळीस वर्षं या धंद्यात घालवून मला माझ्याच घरातलं कापड वाचता येईना.

"पावरा बायका बदललेली फडकी घेतात का?" मी बाहेर येऊन विचारलं. "आजी जी ल्याली ती नात लेते. तुझ्या बापाने तुला एवढंही शिकवलं नाही?"

"शिकवलं."

"मग?"

"मला करायचं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

नरहर माझ्याकडे बघेना. तो बापावर गेलाय, बोलायचं ते दोऱ्यांशी बोलतो. शेवटी म्हणाला, "चार दिवसांवर बाजार आहे. पुन्हा छापून होणार नाही. नेऊ तशाच."

"आणि लोक हसतील."

"हसू द्या."

"तुझ्या बायकोला वामन परवा घेऊन जाईल," मी म्हटलं. "हसणाऱ्यांसमोर बसायचंय मला."

वामन म्हणजे सुंद्राचा भाऊ, माझा भाचा. एरंडोलला शिवणकाम करायचा. मीच त्याला निरोप धाडला होता की बहिणीला घेऊन जा, कायमची. पौषात सुंद्राची मुलगी गेली होती, अकरा महिन्यांची. ताप आला आणि गेली. आईला ताप कळलाच नाही, असं गाव म्हणत होतं. गावाला ते मी सांगितलं होतं. त्यानंतर सुंद्राने दूध उतू जाऊ दिलं, भाकऱ्या करपवल्या, पाहुण्यांसमोर भिंतीकडे बघत बसली. मी ठरवलं, पोराचं वय तिशीचं, दुसरी बायको करू. पोर सांभाळता न आलेली सून घरात ठेवून काय करायचं, असं मी चारचौघांत बोलले होते. मी बोलायची म्हणजे बोलायची, मागे घ्यायची सवय नव्हती.

त्या दुपारी मी फळीवरचे सगळे ठसे खाली काढले. सागवानाचे, शिसवीचे, माझ्या सासूच्या वेळचे झिजलेले, सगळे. एकेक उलटा करून बघितला. वेल होते, कोयऱ्या होत्या, बुट्टे होते. कडं एकही नव्हतं. मग ती फडकी पुन्हा मांडीवर घेतली. कड्याची जिथे तोंडं उघडी होती तिथे दोन्ही टोकांना थेंबाएवढे टिपके होते. मला वाटलं होतं रंग फुटलाय. पण सगळ्या कड्यांना तसेच. टोकाला कळी असावी तसे.

ती कळी मी ओळखली. मीच सोनाराकडून घालून घेतली होती. बारशाला नातीला चांदीचे वाळे केले तेव्हा सोनार म्हणाला होता, साधेच करू, पोर वाढेल, मोडून पुन्हा करावे लागतील. मी म्हटलं होतं, कळ्या घाल, माझी पहिली नात आहे.

पोरीला मातीत ठेवून आल्यावर मी सुंद्राला विचारलं होतं, "वाळे कुठेत?" ती म्हणाली होती, "तिच्याबरोबर गेले." मी चिडले होते. चांदी मातीत घालणारी बाई म्हणून तेही मी शेजारी सांगितलं होतं.

म्हणजे वाळे घरात होते. तिने ते तुरटीत बुडवून शेकडो कापडांवर टेकवले होते, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला वाटत होतं ती किनार छापतेय.

मी ठसे फळीवर ठेवले आणि कुणाला काही बोलले नाही. हे माझ्या स्वभावात नव्हतं. नरहरने जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं.

वामन एक दिवस आधीच आला. सकाळची वेळ, मी दुसरी भट्टी लावली होती. रंग एकसारखा चढायला धायटीची फुलं टाकली होती, पाणी नुकतं कोमट होत होतं. ओसरीवर त्याचा आवाज ऐकला.

"तयारी झाली का तिची?" तो नरहरला विचारत होता. "मोटार अकराची आहे. पुढची थेट संध्याकाळी."

"चहा घे," नरहर म्हणाला.

"चहा कसला घेता, दाजी. तोंड वर करून बसायची सोय ठेवली नाही आमच्या बहिणीने. तिकडे आई विचारते, लेकराच्या अंगाला हात लावला तरी ताप कळतो, हिला कसा कळला नाही? काय सांगू तिला?"

नरहर काही बोलला नाही. आतून सुंद्राही बोलली नाही. हे मला पहिल्यांदाच खटकलं. दोन महिने गाव तिला बोल लावत होतं आणि तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मी काठीने कापडं हलवत होते. पाणी तापलं तशी लाली उगवायला लागली. आधी किनार, मग त्याखाली एक, दोन, तीन, चार. प्रत्येक फडकीवर चारच. कुठे तीन नाहीत, कुठे पाच नाहीत. शेकडो वेळा छापताना हात एकदाही चुकला नव्हता.

सुंद्रा मागच्या दारातून आली. काखेत बोचकं, कपाळावर कुंकू ताजं. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "जाते, आत्या."

घरातून निघणारी बाई 'येते' म्हणते. जाते म्हणत नाही.

"थांब," मी म्हटलं. "हे वाळे आहेत ना?"

"हो."

"मला म्हणालीस, तिच्याबरोबर गेले."

"खोटं सांगितलं."

"खोटं बोलायला कुठे शिकलीस?"

"इथेच," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

माझ्या हातातली काठी थांबली. थांबवायची नसते, कापड एका जागी राहिलं की रंग डाग धरतो. पण थांबली.

"बरं, वाळे तर वाळे," मी म्हटलं. मला अजून वाटत होतं की जिंकेन. "पोरीचे पाय दोन होते. मग चार कशाला?"

"मी चारदा विचारलं होतं, आत्या."

ती एवढंच बोलली. जास्त बोलायची गरज नव्हती, कारण ऐकणारी मी होते.

पौषातल्या त्या दिवशी नरहर भुसावळला रंग आणायला गेला होता. लग्नाच्या जाजमांचं काम होतं. सुंद्रा भट्टीवर, मी समोर लाकडं सारत होते, पोर आत झोळीत. सकाळीच सुंद्रा म्हणाली, "आत्या, तिचं अंग कढत लागतंय, जरा बघून येऊ?" मी म्हटलं, "चढता रंग सोडून उठायचं नसतं." आमच्या घराची रीत होती ती. भट्टी जिने लावली तिनेच उतरवायची. माझा बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा मीसुद्धा रंग उतरवूनच निघाले होते, आणि ते मी अभिमानाने सगळ्यांना सांगायची. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "झोपलीय, झोपू दे." तिसऱ्यांदा तिने सांगितलं की रडणं वेगळं येतंय, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, "दात येताहेत. तूच एकटी आई झालीस का जगात?" चौथ्यांदा तिने फक्त "आत्या" म्हटलं. मी मान वर केली नाही. रडणं थांबलं होतं, आणि मला वाटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं का.

भट्टी उतरली तेव्हा ती आत धावली.

संध्याकाळी नरहर आला. अंगण बायकांनी भरलेलं. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "हिला ताप कळला नाही." ते वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं आणि बाहेर पडल्यावर उभं राहिलं. आजूबाजूच्या बायकांनी ते उचललं. मग ते परत घ्यायला रोज एक दिवस उशीर होत गेला.

"तू का बोलली नाहीस?" मी सुंद्राला विचारलं.

"काय बोलू? उठायला पाहिजे होतं. तुम्ही नाही म्हणालात आणि मी बसून राहिले. तुमचं तुम्ही बघा. माझं मला पुरतं."

ओसरीवरून वामनने हाक मारली, "सुंद्रा, मोटार निघून जाईल."

मी काठी भट्टीत तशीच सोडली. आग जळत होती, कापडं बुडालेली होती. माझ्या हयातीत मी असं कधी केलं नव्हतं. त्या सगळ्या फडक्या पुढे ढगाळ निघाल्या, कुठे गडद, कुठे फिक्या, कुणी घेतल्या नाहीत.

ओसरीवर वामन जोडे घालत होता. नरहर खांबाला टेकून उभा होता.

"ताप हिला कळला होता," मी म्हटलं. "सकाळीच कळला होता. चारदा म्हणाली, जाऊ द्या. मी भट्टीवरून उठू दिलं नाही."

वामनचा एक जोडा पायात, एक हातात. "काय म्हणालात, आत्या?"

"ऐकू आलंय तुला. पुन्हा बोलायला लावू नकोस, एकदाच जमलंय."

"आणि आम्ही दोन महिने हिला..." त्याने हातातला जोडा खाली ठेवला. "आई हिचं तोंड बघायला तयार नव्हती."

"तिलाही सांग. माझं नाव घेऊन सांग."

नरहर माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलाने माझ्यावरून नजर काढली नाही, आणि मला ती काढून हवी होती. "तुम्ही माझ्याकडे बघून सांगितलंत, जिजी," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांत बघून."

"हो."

"मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून."

तो पायऱ्या उतरून नदीकडे निघून गेला.

वामनने जोडा पायात घातला. "आता तर हिला इथे मुळीच ठेवणार नाही. चल गं."

सुंद्रा दारात उभी होती. बोचकं काखेतच. ती म्हणाली, "भोंगऱ्या होऊ दे, दादा. कापड मी छापलंय, विकायला मी बसेन. त्या दिवशी बाजारात ये. तुझ्याबरोबर यायचं की इथे राहायचं, ते तिथे सांगेन."

"आणि आत्या काय म्हणतील?"

"त्यांना कोण विचारतंय," सुंद्रा म्हणाली.

माझ्या घरात, माझ्या ओसरीवर. मी ऐकून घेतलं.

भोंगऱ्याच्या दिवशी पहाटे बैलगाडी जुंपली. नरहर पुढे, आम्ही दोघी मागे कापडांच्या गठ्ठ्यांवर. सुंद्राचं बोचकं गाडीतच होतं, ते तिने घरी ठेवलं नव्हतं.

बाजार भरला. ढोल वाजत होते, डोंगरातून माणसांच्या रांगा उतरत होत्या. आम्ही नेहमीच्या चिंचेखाली फडक्या मांडल्या. पावरा बायका यायच्या, किनार बघायच्या, मग खाली बोट ठेवायच्या आणि एकमेकींशी त्यांच्या बोलीत काही बोलून पुढे जायच्या. दुपार झाली तरी ढीग फारसा हलला नव्हता. वामन मोटारीच्या थांब्यावरून येऊन थोडा लांब उभा राहिला होता.

एक म्हातारी पावरा बाई आली. दंडात चांदी, चेहऱ्यावर गोंदण. दरवर्षी यायची, मला चेहऱ्याने ठाऊक होती. तिने फडकी उलगडली आणि कड्यांवर बोट टेकून अहिराणीत विचारलं, "हाई काय शे, माय?"

माझी जीभ सवयीने चालली. "चंद्रकोरी आहेत," मी म्हटलं. "नवीन काढल्यात."

"चंद्रकोरी नाहीत," शेजारून सुंद्रा म्हणाली. "वाळे आहेत. माझ्या पोरीचे."

बाईने मान वळवली. "पोर कोठे शे?"

"गेली. पौषात."

बाई खाली बसली. फडकी मांडीवर घेतली. "नाव काय व्हतं तिनं?"

"केसर," सुंद्रा म्हणाली.

दोन महिन्यांत ते नाव आमच्याकडे कुणी घेतलं नव्हतं. घराच्या उंबऱ्यात मी ते घेऊ दिलं नव्हतं. शेजारच्या बायांनीही कधी विचारलं नाही, विचारलं ते ताप कसा कळला नाही एवढंच.

बाईने माझ्याकडे बघितलं. "तू तिनी आजली का?"

सुंद्राने हातातली घडी तशीच धरली. लांबून वामन बघत होता, नरहर बैलांपाशी पाठ करून उभा होता, पण त्याची पाठ ऐकत होती.

"हो," मी म्हटलं. "आजी मीच. माझ्यामुळे गेली."

बाईने मला नीट न्याहाळलं. कीव नव्हती त्यात आणि रागही नव्हता. मग तिने फडकी डोक्यावरून घेतली. सुंद्रा पुढे झाली आणि दोन्ही हातांनी ती तिच्या कपाळावर सारखी केली, वाळ्यांची ओळ सरळ येईपर्यंत.

त्यानंतर बायका आल्या. ती म्हातारी वाटेत काय सांगत गेली देव जाणे. ढीग खाली गेला. सगळा नाही गेला, पण गेला.

आता माझी नातसून त्या नक्षीच्या ओढण्या करते आणि शहरातल्या बाया मला विचारायला येतात, आजी, तुम्हाला ही नक्षी कशी सुचली. मी त्यांना सांगते, मला सुचली नाही. त्यांना वाटतं म्हातारी विनय दाखवतेय. मला ओळखणाऱ्याला विचारा, विनय माझ्या वाऱ्याला उभा राहत नाही.

उन्हं कलली. वामन जवळ आला. "मोटार लागलीय," तो सुंद्राला म्हणाला.

ती उरलेल्या फडक्या घड्या घालून गठ्ठ्यात बांधत होती. गाठ मारली, ओढून बघितली. मग गाडीत चढली आणि बोचकं पाठीशी घेऊन बसली.

"आईला सांग, आखाजीच्या सणाला माहेरी येईन," ती भावाला म्हणाली. "चार दिवस."

वामन तिचं तोंड बघून मोटारीकडे वळला. नरहरने बैल जुंपले.

त्या दिवसानंतर सुंद्राने मला पुन्हा कधी आत्या म्हणून हाक मारली नाही. आजतागायत नाही. गाडी बाजाराबाहेर पडली, ढोलांचा आवाज मागे राहिला, तेव्हा ती समोर बघत, कुणाचंही नाव न घेता म्हणाली,

"पुढच्या वर्षाला लाकडाचा ठसा करून घ्या. वाळ्याने छापलं की बोटं भरून येतात."